टोचनाच्या गाडीतला माणूस

"…ते सगळं खरं, पण ह्यातली सगळ्यांत जाड कुठली?"

अब्बास वस्ताद बसच्या मागं उकिडवे बसून चासीखाली बघत होते.

घाटाच्या पायथ्याच्या त्यांच्या दुकानाच्या दारात पोलादी केबलींची वेटोळी टांगलेली होती. सुतळीएवढ्या बारीक केबलीपासून अंगठ्याएवढ्या जाड केबलीपर्यंत. भैरूनं शेवटचं वेटोळं न विचारताच काढून खांद्यावर अडकवलं होतं.

"हीच द्या. ही जन्मात तुटायची न्हाई."

"बांधणार कुठं?"

"खिट्टीत."

"आणि दांडा कशात बसतो?"

"खिट्टीतच की."

"खिट्टी तुटली, तर?"

"म्हणून तर केबल."

"केबल कुठं बांधणार म्हणालास?"

भैरूनं खांद्यावरचं वेटोळं सावरलं.

बस आणि तिच्यामागं टोचन लावून ओढायची मोटार, या दोघींच्या मध्ये एक लोखंडी दांडा असतो. दांड्याचं तोंड बसच्या आकड्यात घालायचं आणि वरून बोटभर जाडीची खिट्टी ठोकायची. दांडा निसटलाच तर हाताशी असावी म्हणून एक साखळी लावायची, आणि ती साखळीही त्याच खिट्टीत ओवायची. घाटाच्या पायथ्याला टोचनाच्या जेवढ्या गाड्या येत, त्यांतल्या बहुतेकांचं असंच असे. सोयीचं पडायचं. एक खिट्टी काढली की सगळं सुटायचं.

"दादापण अशीच बांधायचा," भैरू म्हणाला.

"माहीत हाय."

भैरू आणि त्याचा थोरला भाऊ जालिंदर जत्रेजत्रेतून मौत का कुआँ लावत. लाकडी फळ्यांची उभी गोल विहीर, आणि तिच्या भिंतीवर आडव्या पळणाऱ्या मोटारसायकली आणि एक मोटार. मोटार जालिंदर चालवायचा. दारातून अर्धा बाहेर येऊन, वर कठड्यावर वाकलेल्या बायाबापड्यांच्या हातातले रुमाल ओढून घ्यायचा. एका गावची जत्रा संपली की फळ्या ट्रकमधून पुढं जायच्या आणि घरची माणसं बसमधून. बसची शिटं काढून तिथं शेगडी, पेट्या आणि दोन बाजा मांडलेल्या होत्या. तेच त्यांचं घर. घराच्या मागं टोचनावर कुव्यातली मोटार.

त्या मोटारीत जालिंदर बसायचा. स्टिअरिंग सांभाळायला, उतारावर ब्रेक दाबायला, आणि बस थांबतेय असं दिसलं की मागचा लाल दिवा लावायला.

महिन्याभरापूर्वी याच घाटात, चढावर, खिट्टी तुटली. साखळी खिट्टीतच होती, तीही सुटली. इंजिन बंद असलेल्या मोटारीचा ब्रेक दगडासारखा होतो. मोटार मागं मागं गेली, आणि वळणावर कठडा नव्हता.

बस भैरू चालवत होता. त्याला काही कळलं नाही. उलट गाडी आता चांगली ओढतेय, असं त्याला वाटलं.

वर पोचल्यावर टपरीपाशी त्यानं दोन चहा सांगितले आणि दादाला हाक मारायला मागं गेला.

तेव्हापासून त्यानं बसच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. बस घाटाखाली परत ट्रकवाल्यानं आणून दिली होती. बस आता जालिंदरची बायको सुगंधा चालवत होती. दिवस घातल्यावर चौथ्या दिवशी तिनं किल्ली मागितली होती. घाटापलीकडच्या गावची जत्रा परवा होती, फळ्या तिथं जाऊन पडल्या होत्या, आणि दुसरी एक मोटार, जुनीच, पांढरी, कुठून तरी मिळवलेली, बसच्या मागं उभी होती.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळू. सत्तरी गाठलेला माणूस. त्यांनी भैरूच्या खांद्यावरचं वेटोळं काढून परत खुंटीला लावलं, आणि मधल्या जाडीच्या दोन केबली उतरवल्या.

"ह्या?"

"ह्या."

"बारीक हायत."

"दोन हायत."

"वस्ताद, तुम्हाला काय वाटतं, मला घेणं परवडत न्हाई?"

"खाली ये," वस्ताद म्हणाले.

दोघं बसखाली सरपटत गेले. वस्तादांनी चासीवर दोन जागा दाखवल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. आकड्यापासून हातभर लांब.

"एक इथं, एक तिथं. खिट्टीशी ह्या दोघींचं नातं न्हाई. आणि मोटारीकडं जाताना डावी उजवीकडं न्यायची, उजवी डावीकडं. दांड्याच्या खालून."

"उलटसुलट?"

"व्हय."

"कशाला?"

वस्तादांनी पडल्यापडल्याच दोन्ही हात पुढं केले. मनगटं एकमेकांवर टाकली, तळवे वर केले. आईच्या हातातून तान्हं मूल घेताना करतात तसे.

"दांडा पडला, तर भुईवर पडू नये."

भैरूनं त्या हातांकडं बघितलं. मग तो बसखालून बाहेर निघाला आणि उगीचच तोंड धुऊन आला.

केबली बांधून झाल्यावर वस्तादांनी सुगंधाला हाक मारली. समोरच्या मोकळ्या रानात बसला एक गोल वळसा घालायला सांगितला. तिनं पदर खोचला आणि बस काढली. वस्ताद मोटारीच्या बाजूनं वाकून चालत राहिले. वळताना केबल ताणली जात होती. त्यांनी हात वर करून बस थांबवली, कडी एक घर सैल केली, पुन्हा वळसा घालायला लावला. आता सरळ जाताना केबल जमिनीवर घासली. पुन्हा थांबवली. पाच वेळा.

"अंगावर ताण येऊ नये, आणि पायातही येऊ नये," ते स्वतःशीच म्हणाले.

"वस्ताद, आमचं लगीन लागलं तेव्हापण एवढं बघितलं न्हवतं कुणी," सुगंधा खिडकीतून म्हणाली.

वस्ताद हसले. भैरू हसला नाही.

"घाट चालवलायस का कधी, पोरी?"

"न्हाई. ह्यांनी सपाटीवर शिकवली. म्हणायचे, घाटाचं पुढच्या साली बघू."

ती खाली उतरली आणि बसच्या पायरीवर तांदूळ निवडायला बसली.

वायरिंगला वस्तादांना तास लागला. बसच्या मागून जाड आवरणाची एक वायर मोटारीच्या लाल दिव्यांपर्यंत नेली. सुगंधाला मध्येच उठवून बसचा ब्रेक दाबायला लावला. मोटारीचे दोन्ही दिवे लागले. सोडायला लावला. विझले. डावं, उजवं, सगळं बघितलं. भैरू शेजारी उभा राहून पक्कड देत होता, चिकटपट्टी देत होता आणि पायानं माती उकरत होता.

"झालं का?"

"न्हाई."

वस्ताद दुकानात गेले आणि पहिल्या खुंटीवरची, सुतळीएवढी केबल घेऊन आले. तिच्याबरोबर तेवढीच बारीक वायर आणि काडेपेटीएवढा एक बझर.

"ही काय करायची? शिंकं बांधायचं?"

"ही चासीला वेगळी लावायची. त्या दोघींपेक्षा दीड हात लांब. सगळं तुटलं, दांडा गेला, दोन्ही केबली गेल्या, की मग हिला ओढ बसंल. ओढ बसली की मोटारीतली ही स्प्रिंग सुटंल आणि हातब्रेक लागंल."

"आणि ही मग तुटंल."

"तुटायलाच पायजे. ब्रेक लागल्यावर हिनं धरून ठेवलं, तर मोटार बसलापण खाली घेऊन जाईल."

"आणि बझर?"

"वायर तुटली की वाजतो. पुढं, ड्रायव्हरच्या कानाशी."

भैरूनं बझर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि बॉनेटवर ठेवून दिला.

"बझर नको."

वस्तादांचा हात थांबला.

"का?"

"वहिनी दचकतील. घाटात कशाला भलतंच. बाकी सगळं लावा. हा तेवढा नको."

"जाड केबल मागत होतास तू."

"व्हय."

"आणि बझर नको."

भैरू मोटारीच्या टपावर बोटं वाजवत राहिला.

"मागं बसणार कोण हाय?" वस्तादांनी विचारलं.

"मी."

"कशाला? दिवे आपोआप लागतील. ब्रेक आपोआप लागंल. चाकं दांड्यामागं आपोआप वळतात."

"दादा बसायचा."

"मग?"

"दादाला कुठं बझर होता?"

पायरीवर सुगंधाचा हात सुपातच राहिला.

रस्त्यानं एक ट्रक चढावाला लागला आणि गियर बदलून दिसेनासा झाला.

"त्यानं हॉर्न मारला असणार, वस्ताद," भैरू म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "लई मारला असणार. मी टेप लावला होता. मोठ्यानं."

महिनाभर त्याला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. तुझा काय दोष रे, बाबा. पाहुण्यांनी सांगितलं, ट्रकवाल्यानं सांगितलं, पंचनाम्याला आलेल्या हवालदारानंसुद्धा पाठीवर हात ठेवून सांगितलं. एकानंही थोबाडीत मारली नव्हती. त्याला वाटलं, हा म्हातारा तरी मारेल. पण म्हातारा बारीक केबलीचं टोक चिमटीत धरून नुसता उभा होता.

मग भैरूच उसळला.

"तुम्हीच सांगितलं होतं त्याला."

"भावजी," सुगंधा म्हणाली.

"बोलू द्या, वहिनी. सगळ्या जत्रेला सांगायचा तो. वस्ताद म्हणतात, मागं माणूस बसव. माणसासारखा ब्रेक न्हाई. वायरिंग बिघडतं, माणूस बिघडत न्हाई. तुमचं नाव घेऊन सांगायचा. मी म्हटलं होतं त्याला, दादा, दोघंपण पुढं बसू. तर म्हणाला, वस्तादापेक्षा तुला जास्त कळतंय का?"

तो थांबला. आता म्हातारा म्हणेल, असं मी कधी बोललो, किंवा म्हणेल, तो तसा अर्थ नव्हता. दोन्हींची उत्तरं भैरूकडं तयार होती.

"सांगितलं होतं," वस्ताद म्हणाले. "अठरा वर्षांचा होता तो तेव्हा. इथंच थांबला होता, तू उभा हायस तिथं. मागच्या दिव्यांचं वायरिंग जळलं होतं. दोन तासांचं काम. मला जेवायला घरी जायचं होतं. म्हटलं, मागं एक माणूस बसव, पोचशील."

"आणि?"

"पोचला. मग बसतच राहिला. माणसासारखा ब्रेक न्हाई, हे मी बोललो न्हवतो. ते त्यानं माझ्या नावावर आपलं घातलं. पण मागं बसव, हे माझंच."

भैरूला काहीतरी फेकावंसं वाटलं. हाताशी पक्कड होती. त्यानं ती फेकली नाही, नुसती घट्ट धरली.

"जेवला होता का मग तुम्ही त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"जेवलो."

"काय होतं?"

"आठवत न्हाई."

हे ऐकून सुगंधानं डोळ्यांवर पदर घेतला. रडली नाही. नुसता घेतला, आणि काढला.

वस्तादांनी बारीक केबल चासीला लावली. स्प्रिंग बसवली. बझर बॉनेटवरून उचलून बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर स्क्रूनं आवळला. भैरू बघत राहिला. मग वस्तादांनी मागं येऊन, काही न सांगता, केबल आणि वायर दोन्ही धरून जोरात हिसका दिला.

मोटारीच्या पोटात कट्टकन् आवाज झाला. बसमध्ये बझर किंचाळला. भैरूच्या हातातली पक्कड खाली पडली.

सुगंधा बसमध्ये गेली, ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "ऐकू येतंय."

वस्तादांनी तुटलेली वायर काढली. नवी लावली, हातब्रेक सोडून स्प्रिंग परत चढवली. मग चौदा नंबरचा पान्हा घेतला, मोटारीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या शिटाखाली हात घातला.

"काय करताय?"

"शीट काढतोय."

"कशाला?"

चार बोल्ट होते. दोन पटकन निघाले. भैरूनं त्यांचा दंड धरला.

"वस्ताद, मोटार माझी हाय."

"तुझीच हाय."

"मग?"

"जत्रेत पोचल्यावर बसव परत. चार तर बोल्ट."

भैरूनं दंड सोडला नाही. वस्तादांनी सोडवलाही नाही. एका हातानं तिसरा बोल्ट फिरवत राहिले. म्हाताऱ्याच्या दंडात काही नव्हतं, हाड आणि कातडं. भैरूच्याच हातातली पकड सैल झाली.

शीट बाहेर आलं. वस्तादांनी ते मातीत ठेवलं. सुगंधा बसमधून उतरली, तिनं ते दोन्ही हातांत उचललं आणि पायरीपाशी नेलं. परत आली.

"वस्ताद, पलीकडचंपण काढा," ती म्हणाली.

वस्तादांनी पलीकडचंही काढलं.

"मी खाली पत्र्यावर बसंन," भैरू म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता, जिद्दीचा. "न्हाईतर मागच्या बाकड्यावर बसंन. तुम्ही काय काय काढणार?"

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. मग पान्हा उलटा करून, मूठ त्याच्याकडं करून, पुढं धरला.

"मी? मी न्हाई काढणार."

वस्तादांनी पान्हा तसाच धरून ठेवला. हात खाली गेला नाही. सुगंधा उन्हात उभी होती. ती काही बोलली असती तर भैरू भांडला असता.

भैरूनं पान्हा घेतला.

मागचं बाकडं काढायला त्याला फार वेळ लागला. पहिले दोन बोल्ट सुटले. तिसरा गंजलेला होता. तो त्याच्यावर ओणवा झाला, आणि मग तसाच राहिला. पान्हा फिरत नव्हता. त्याची पाठ हलत होती. मोटारीच्या आतून एक आवाज येत होता, तो लोखंडाचा नव्हता.

वस्ताद मदतीला गेले नाहीत. ते दुकानाच्या उंबऱ्यावर बसून राहिले. सुगंधानं चूल पेटवून भाताला आधण ठेवलं.

भात शिजला. तेव्हा तिसरा बोल्ट निघाला.

तिघं जेवले. भैरूनं दोन घास घेतले. सुगंधानं त्याच्या ताटात आणखी वाढलं, आणि त्यानं तेही खाल्लं. जेवण झाल्यावर त्यानं बाकडं उचलून बसमध्ये नेलं आणि पेट्यांच्या वर चढवून दोरीनं बांधलं.

ऊन कलायच्या आत घाट चढायला हवा होता. सुगंधा स्टिअरिंगवर बसली. इंजिन सुरू झालं. मोटारीच्या मागच्या काचेतून आरपार दिसत होतं, सरळ पुढच्या बसपर्यंत. आत काहीच नव्हतं.

भैरू दोन्ही गाड्यांच्या मध्ये, दांड्यापाशी उभा राहिला.

"वस्ताद."

"हं."

"मी बसू कुठं आता?"

"तिच्या शेजारी. वळणं तिला माहीत न्हाईत. एकेक सांगत जा."

भैरू हलला नाही.

"एक वळण… वस्ताद, एक वळण मला बघवायचं न्हाई."

वस्तादांनी हात पुसलेला बोळा बाजूला टाकला.

"ते वळण तिला जरा आधी सांग, आणि डोळे मीट."